अक्षर समितीच्या तीन बैठका

"हा ण कुणी काढलाय?" गुरुजींनी विचारलं.

बँकेच्या सभागृहात भिंतीवर दोन कागद डकवले होते. मजकूर एकच, अक्षरं दोन तऱ्हांची. गुरुजी खुर्चीतून उठले, चष्मा कपाळावर चढवला आणि डावीकडच्या कागदाला नाक लागेल इतके वाकून त्या ण कडे बघत राहिले.

"सर, एका कंपनीकडून फॉन्ट घेतलाय आम्ही. आमची सगळी छपाई यातच होते," पुण्याच्या बँकेकडून आलेला पराग शिराळकर म्हणाला.

"उपाशी आहे बिचारा. त्याला आधी जेवायला घाला."

आम्ही सगळे हसलो. शिराळकरही हसला. त्याचं हसणं इतकं मोकळं होतं की पहिल्याच दिवशी मला तो आवडला. आज हे लिहिताना स्वतःचाच राग येतो, पण तेव्हा आवडला होता हे खरं.

आमची श्रमदीप सहकारी बँक बार्शीच्या मार्केट यार्डातली. हमाल, तोलार, धान्य निवडणाऱ्या बायका, हातगाडीवाले, असे आमचे सभासद. बँक काढली भगवंत बुरगुटे गुरुजींनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि शाळा सुटली की अडतीच्या शेडमध्ये हमालांना लिहायला शिकवायचे. आमच्याकडे एक रीत होती. नवीन सभासदाचा अंगठा घ्यायचा नाही. त्याचं नाव मोठ्या अक्षरात छापून द्यायचं, त्यावरून त्याने बोटाने, मग पेन्सिलीने गिरवायचं, आणि सही जमली की पासबुक. ती मोठी अक्षरं गुरुजींनी स्वतः काढलेली. जाड, ऐसपैस, पोटात भरपूर मोकळी जागा असलेली. सोलापूरच्या एका छापखान्याने त्यांचे लाकडी ठसे केले, पुढे तिथल्याच एका संगणकवाल्याने त्यांचा फॉन्ट बनवून दिला. आमच्या पावत्या, पासबुकं, नोटिसा, दारावरची पाटी, सगळं त्याच वळणात. सभासदांच्या सह्याही त्याच वळणाच्या. चेकवरची सही बघून कोणीही सांगावं, हा माणूस श्रमदीपचा. कर्जही तसंच, दाखले न मागता, नुसत्या तोंडच्या शब्दावर मिळायचं.

मी प्रमिला ताटे, तिथली हेडक्लार्क. छपाई आणि स्टेशनरी माझ्याकडे होती.

त्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या बँकेने आम्हाला विलीन करून घेण्याचा प्रस्ताव पाठवला. तिचं नाव मी आजही तोंडाने घेत नाही. आमची बँक बुडालेली नव्हती. पण सगळ्या बँका संगणकाने जोडायच्या असं वरून फर्मान सुटलं होतं आणि तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. दिवाळीच्या आधी विशेष सर्वसाधारण सभा घ्यायची होती. ठरावाला दोनतृतीयांश मतं लागणार होती, आणि ती मतं म्हणजे गुरुजी. गुरुजी हो म्हणाले तर बँक जाणार, नाही म्हणाले तर राहणार, इतका सरळ मामला होता. आणि गुरुजी काही केल्या हो म्हणत नव्हते.

मग मोठ्या बँकेनेच सुचवलं की विलीनीकरणानंतर छापील कागदांवर आणि पडद्यावर कोणतं अक्षर वापरायचं ते दोन्ही बँकांनी मिळून ठरवावं. त्यासाठी समिती नेमली. आमच्याकडून गुरुजी, मी आणि बागमार शेठ नावाचे एक संचालक, जे चहापुरते जागे असायचे. त्यांच्याकडून शिराळकर, आणि संगणक विभागाच्या एक बाई, ज्या फक्त मान हलवायच्या.

मी गुरुजींना विचारलं होतं, "गुरुजी, एवढं मोठं लग्न ठरतंय आणि आपण पत्रिकेच्या अक्षरावर काय भांडतोय?"

"तुला कळत नाही, प्रमिला," ते म्हणाले. "मोठा माणूस लहानाला घरात घेतो तेव्हा पहिलं काय करतो? त्याचं बोलणं बदलायला लावतो. हे लोक आपलं अक्षर ठेवतात का बघू. अक्षर ठेवलं, तर माणसंही ठेवतील."

हीच त्यांची परीक्षा होती. त्यांनी ती लपवून ठेवली नाही, चार लोकांत बोलून दाखवली. मला ती पटली. चाळीस वर्षं ज्यांनी अक्षर देऊन माणूस जोडला, त्यांना दुसरी कुठली परीक्षा सुचणार होती?

पहिल्या बैठकीत शिराळकर जोरात भांडला. त्याचे मुद्देही काही वावगे नव्हते.

"सर, तुमचं अक्षर देखणं आहे, पण जागा फार खातं. आमच्या पासबुकाच्या एका पानावर जेवढ्या नोंदी बसतात त्याच्या निम्म्या तुमच्या पानावर बसतात. कागदाचा खर्च बघा."

"आमच्या माणसाला दिसतं ते."

"आणि तुमचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे. ताटे मॅडमनी पाठवलेलं पत्र आमच्या संगणकावर उघडलं तेव्हा नुसता इंग्रजी कचरा दिसला. आमच्या साहेबांना वाटलं, तुम्ही शिव्या दिल्यात."

"द्यायच्या असत्या तर मराठीत दिल्या असत्या," गुरुजी म्हणाले.

"पडद्याचं काय करायचं, सर? एटीएमच्या पडद्यावर एवढं जाड अक्षर गिचमिड होतं. वेलांट्या शिरोरेषेत घुसतात. मोबाइलवर तर विचारूच नका."

"मग वेलांटीला जागा करून द्या. तुमच्याकडे पुण्यात एवढी शिकलेली माणसं आहेत, एक वेलांटी सरळ करता येईना?"

तासभर हेच चाललं. शिराळकर एक पाऊल मागे येईना. शेवटी गुरुजी म्हणाले, "तुम्ही आणि मी बोलून काय उपयोग? ज्यांनी वाचायचं त्यांना विचारू."

म्हणून दुसरी बैठक मार्केट यार्डात झाली. उडदाची आवक चालू होती, शेडमध्ये पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या, हवेत धूळ. शिराळकर पांढरा शर्ट घालून आला होता, थोड्याच वेळात तो मातकट झाला. आम्ही एकच पावती दोन्ही अक्षरांत छापून आणली होती. गुरुजींनी सोजरबाईंना हाक मारली. सोजरबाई शेडमध्ये धान्य झाडून निवडायच्या. त्या आमच्या जुन्या सभासद, आणि जिभेला हाड नाही.

त्यांनी आधी शिराळकरचा कागद घेतला. लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"काय लिवलंय, मावशी?" शिराळकरने विचारलं. आमच्यासारखं बोलायचा त्याचा प्रयत्न बघून मला हसू आलं.

"मुंग्या हायत्या."

"अहो, नीट बघा. तुमच्याच नावाची पावती आहे."

"माजं नाव आसं वाळल्यालं न्हाई, सायेब." त्यांनी तो कागद परत दिला आणि आमचा घेतला. ओठ हलवत, बोट फिरवत वाचला. "सोजर, म्हादू, कसबे. रुपये पाश्शे जमा. कवा जमा केलं मी पाश्शे? द्या की मग."

सगळी शेड हसली. शिराळकरने हात वर केले. "हरलो, मावशी."

"हरलास तर च्या पाज समद्यास्नी," सोजरबाई म्हणाल्या. त्याने खरोखरच सगळ्या शेडला चहा पाजला. पोत्यावर बसून स्वतःही प्याला. जाताना गुरुजींना म्हणाला, "सर, मी पुण्यात तुमच्या बाजूने बोलणार. माझी नोकरी गेली तरी चालेल."

"नोकरी कशाला घालवतो, बाळ," गुरुजी म्हणाले. त्यांना गहिवरून आलं होतं. विरोधात उभा असलेला माणूस समजून-उमजून आपल्या बाजूला येतो, याहून शिक्षकाला मोठं सुख नसतं. शिराळकरने त्यांना ते सुख दिलं.

तिसरी बैठक पुण्यात झाली, त्यांच्या मुख्य कचेरीत. थंडगार खोली, काचेचं टेबल, समोर भला मोठा पडदा. गुरुजींनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि खिशात माझ्याकडून लिहून घेतलेले मुद्दे होते. ते मुद्दे काढायची वेळच आली नाही. शिराळकरने दिवे मंद केले आणि पडद्यावर एटीएमचं चित्र आलं. "कृपया आपले कार्ड घाला." गुरुजींच्या अक्षरात. वेलांट्या मोकळ्या, शिरोरेषा स्वच्छ, पोटातली जागा तशीच. मग मोबाइलचा संदेश आला, मग वेबसाइट, मग पासबुक, चेकबुक, कर्जाचा अर्ज. एकेक पान सरकत होतं आणि गुरुजी टेबलाची कड घट्ट धरून बघत होते.

"कधी केलंत हे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या सोजरबाईंनी झोप लागू दिली नाही, सर," शिराळकर म्हणाला.

तेवढ्यात त्या बँकेचे अध्यक्ष आत आले. भारी सूट, कपाळावर गंध. ते थेट गुरुजींच्या पाया पडले. "गुरुजी, आमच्या सगळ्या शाखा आजपासून तुमच्या अक्षरात बोलतील. आणि या फॉन्टचं नाव 'गुरुजी' ठेवायचं, असं आमच्या संचालक मंडळाने ठरवलंय."

गुरुजी रडले. मीसुद्धा रडले. बागमार शेठही जागे झाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. परतताना वाटेत टेंभुर्णीला चहाला उतरलो तेव्हा गुरुजी म्हणाले, "प्रमिला, ठरलं. ही आपली माणसं आहेत."

सभा यार्डातल्या मोठ्या शेडमध्ये झाली. गुरुजींनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. त्या मोठ्या बँकेने स्वतःचं अक्षर सोडून आपलं घेतलं, पुण्या-मुंबईतले लोक आता आपल्या अक्षरात पैसे काढतील, ही साधी गोष्ट नाही, असं ते म्हणाले. पुढच्या रांगेतून सोजरबाई उठल्या.

"गुरुजी, अक्षराचं बेस झालं. पर कर्जाचं काय? तितं बी असंच तोंडावर भागल का? पगाराची चिठ्ठी आमी कुटून आणायची?"

"सोजरबाई, ज्यांनी माझं अक्षर मोडलं नाही, ते तुमचा शब्द मोडणार नाहीत."

"तुमी म्हंता म्हून हात वर करते बगा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात वर केला. त्यांच्यामागे सगळ्या शेडने केला. बँक गेली.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही, कारण व्हायलाही फार वेळ लागला नाही. आधी आम्हा जुन्या लोकांच्या बदल्या झाल्या, नगर, धुळे, जिथे कोणी जाणार नाही अशा ठिकाणी. नाही जायचं तर स्वेच्छानिवृत्ती. मी ती घेतली. मग तोंडावरची कर्जं बंद झाली. हमालाला दोन जामीनदार आणि पगाराचा दाखला मागायला लागले. सोजरबाईंच्या नातवाच्या ऑपरेशनला कर्ज मिळालं नाही, त्यांनी गळ्यातलं सोनं सावकाराकडे ठेवलं आणि ते परत आलंच नाही. पुढच्या गुढीपाडव्याच्या सुमारास मार्केट यार्डातल्या शाखेच्या शटरवर नोटीस लागली. "ही शाखा बंद करण्यात आली आहे. खातेदारांनी नजीकच्या शाखेशी संपर्क साधावा." नजीकची शाखा सोलापुरात होती. नोटीस गुरुजींच्या अक्षरात होती. जाड, ऐसपैस. रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होती.

सोजरबाईंनी भर यार्डात गुरुजींना अडवलं. मी बरोबर होते.

"गुरुजी, वाचली बरं का म्या. एका दमात वाचली. तुमी शिकवल्यालं वाया न्हाई गेलं."

त्या दिवसानंतर गुरुजी कधी मार्केट यार्डात गेले नाहीत. भाजीलाही दुसऱ्या रस्त्याने जायचे. गावात लोक म्हणायचे, म्हाताऱ्याने बँक विकली. कोणी म्हणायचं पैसे खाल्ले, कोणी म्हणायचं चळ लागला. गुरुजी कोणाला उत्तर देत नसत. मला मात्र एकदा म्हणाले होते, "प्रमिला, माणसं नंतर बिघडतात गं. खुर्च्या बदलल्या, नवे लोक आले. पण त्या दिवशी त्यांनी अक्षर घेतलं ते मनापासून घेतलं. तेवढं तरी खोटं नव्हतं." मी हो म्हटलं, कारण मलाही तसंच वाटत होतं.

मागच्या वर्षी पुण्याला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. पंगतीत माझ्या शेजारी एक टक्कल पडलेला गृहस्थ येऊन बसला आणि म्हणाला, "ताटे मॅडम ना? ओळखलंत का? मुंग्या!"

शिराळकर. मुलाकडचा लांबचा नातेवाईक निघाला. आता नोकरी सोडून बँकांना सल्ला देतो म्हणे. त्याने आधी गुरुजींची चौकशी केली, अगदी आपुलकीने. मग जिलबी वाढून घेत म्हणाला, "मी अजून माझ्या व्याख्यानांत तुमच्या बँकेचं उदाहरण देतो. नाव न घेता, अर्थात."

"कसलं उदाहरण?"

"समोरच्याला नेमकं काय हवंय ते ओळखायचं. कुणाला खुर्ची हवी असते, कुणाला पैसा. तुमच्या गुरुजींनी दोन्ही नाकारलं होतं. संचालकपद देऊ केलं, नको म्हणाले. आमचे साहेब हैराण. मग कुणीतरी बातमी आणली की ते चार लोकांत म्हणतात, अक्षर ठेवलं तर माणसं ठेवतील. झालं, काम सोपं झालं."

"म्हणजे?"

"अहो, तुमच्या गुरुजींचा फॉन्ट समिती बसायच्या आधीच करायला टाकला होता आम्ही. पडद्यासाठी, छपाईसाठी, सगळा. एवढं काम काय रातोरात होतं का? पहिल्या बैठकीला आलो तेव्हा तो निम्मा तयार होता."

"मग भांडलात कशाला?"

"लगेच हो म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता का?" तो हसला, तेच मोकळं हसणं. "मला सांगून पाठवलं होतं, कचकचून भांड आणि मग हर. हरणं सोपं नसतं हां, मॅडम. त्या धुळीत चहा प्यालो मी. पण मनातून सांगतो, एवढ्या स्वस्तात कुठलीच बँक मिळाली नाही आम्हाला."

"आणि तुमच्या त्या शाखा? अजून आहे ते अक्षर?"

"नाही हो. दोन वर्षांनी एका जाहिरात कंपनीने सगळं बदललं. त्याचं काय एवढं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाचीच्या सासरच्यांनी माना वळवून बघितलं, माझ्या बहिणीने मला ओढत बाहेर नेलं. साखरपुड्याला आलेली बाई आणि अशी तोंड सोडते, म्हणून ती अजून माझ्यावर रागावली आहे. रागावू दे.

बार्शीला परतल्यावर मी घरी पिशवी टाकली आणि तशीच गुरुजींकडे गेले. ते ओसरीवर उन्हात बसले होते. आता पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत, कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं. सून आतून भाजी चिरत ऐकत होती. मला वाटत होतं, ज्या माणसाला गाव विकाऊ म्हणतं त्याला कळायला हवं की त्याने काही विकलं नाही, त्याचा केसाने गळा कापला गेला. चूक त्याची नव्हती. हे कळलं तर बिचारा ताठ मानेने यार्डात जाईल. या एकाच विचाराने मी सगळं सांगितलं. समिती कशी बसवली, फॉन्ट आधीच कसा तयार होता, शिराळकरला हरायला कसं पाठवलं होतं. सगळं सांगून झालं आणि मी म्हटलं, "तुमचा काही दोष नव्हता, गुरुजी. ठरवून फसवलं त्यांनी आपल्याला."

गुरुजींनी विचारलं, "म्हणजे चांगलं होतं म्हणून नाही घेतलं?"

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"अक्षर. चांगलं होतं म्हणून नाही घेतलं त्यांनी?"

"चांगलंच होतं, गुरुजी," मी म्हणाले. "फार चांगलं होतं."

"ते मी विचारलं नाही, प्रमिला."